पूरग्रस्ताचा अर्ज : घर, पंचनामा आणि सानुग्रह मदतीचा इतिहास

कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेने मराठी वाचकाच्या मनातील पूरग्रस्ताची प्रतिमा निश्चित केली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. नदी घरात येऊन गेलेली आहे, संसार वाहून गेलेला आहे, आणि एक माजी विद्यार्थी आपल्या सरांसमोर उभा आहे. सरांचा हात खिशाकडे जाताच तो उठतो, कारण त्याला पैसे नको असतात. गेली अनेक दशके ही कविता शाळांतून, संमेलनांतून आणि प्रत्येक महापुरानंतरच्या भाषणांतून म्हटली जात आहे. तिचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु इतिहासाचा अभ्यासक या नात्याने तिच्यापाशी थांबताना एक गद्य प्रश्न मनात येतो. तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत गेला असेल काय? गेला असल्यास कोणते कागद घेऊन गेला असेल, आणि पडलेली भिंत त्याची स्वतःचीच होती हे त्याने कसे सिद्ध केले असेल?

भारतीय साहित्यात पुराचे चित्रण विपुल आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले. त्या पुरात अमजद हैदराबादी या उर्दू कवीने आई, पत्नी आणि मुलगी गमावली, आणि त्या आघाताची छाया त्याच्या काव्यावर कायमची राहिली. फणीश्वरनाथ रेणू यांच्या ‘ऋणजल धनजल’ (१९७७) या पुस्तकात १९७५ च्या पाटण्यातील पुराचे वृत्तान्त आहेत. पाण्याची वाट पाहणारे आणि मग पाण्याने वेढलेले शहर हा त्यांचा विषय. या लेखनाचा रोख पाणी येण्याच्या क्षणावर किंवा त्या क्षणी झालेल्या मृत्यूवर आहे. पाणी ओसरल्यावर सुरू होणारा, महिने आणि पुष्कळदा वर्षे चालणारा जो दुसरा काळ असतो, ज्यात पूरग्रस्ताचे रूपांतर अर्जदारात होते, त्याचे साहित्य माझ्या वाचनात फार थोडे आले. अर्जदार भारतीय कादंबरीत अगदीच नाही असे नव्हे. श्रीलाल शुक्ल यांच्या ‘रागदरबारी’ (१९६८) मधील लंगड तहसिलीतून एका कागदाची नक्कल मिळवण्यासाठी जे हेलपाटे घालतो ते कोण विसरेल? पण लंगडच्या घरात पाणी शिरलेले नाही. पूर आणि अर्ज या दोहोंची गाठ जेथे पडते तेथे साहित्य बहुधा गप्प आहे. ती गाठ पाहायची तर शासननिर्णय, संहिता, नमुने, पंचनामे आणि घराघरांतील जुन्या फायली यांकडे वळावे लागते. प्रस्तुत निबंधात हे कागद त्यांच्या भाषेच्या अंगाने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. घरमालकाला मदत मिळवताना जो वैताग होतो तो केवळ कारकुनी दिरंगाईचा किंवा भ्रष्टाचाराचा परिणाम नसून मदतीच्या कल्पनेतच त्याचे मूळ आहे, असे मला वाटते.

भारतातील सरकारी आपत्तिनिवारणाची घडण पुरातून झालेली नाही, ती दुष्काळातून झाली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. ज्याच्या अंगात काम करण्याचे बळ आहे त्याने दुष्काळी कामावर यावे, खडी फोडावी, माती वाहावी आणि मजुरी घ्यावी, हे या संहितेचे सूत्र. काम ही गरजेची कसोटी होती. ज्याला खरोखर अन्न नाही तोच इतक्या कमी मजुरीवर उन्हात खडी फोडायला येईल, असा त्यामागचा हिशेब. जे काम करूच शकत नाहीत त्या वृद्ध, अपंग आणि अनाथ लोकांसाठी वेगळा वर्ग होता. त्यांना मोबदल्याविना मदत द्यायची, आणि तीही पडताळणी करून, हात आखडून. या वर्गाचे इंग्रजी नाव आजही केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांत पहिल्याच शीर्षकात जसेच्या तसे छापलेले असते. दीडशे वर्षांत राज्य बदलले, राज्यघटना आली, पण हे शीर्षक हलले नाही.

या चौकटीत घरमालक कोठे बसतो? दुष्काळ संहितेचा माणूस म्हणजे ज्याच्याकडे काहीच उरलेले नाही तो. घरमालकाची गोष्ट उलटी असते. त्याच्याकडे काहीतरी होते म्हणूनच त्याचे गेले. गरजेची कसोटी त्याला लावली तर त्याच्या अंगावरचे धड कपडे, नोकरी, शेतातील विहीर, भावाचे शहरातील घर ही सर्व त्याच्या विरुद्धची साक्ष ठरते. नुकसानीची कसोटी लावायची तर त्यासाठी मालकीचा आणि किमतीचा पुरावा हवा. दोन्ही कसोट्या एकाच वेळी लावल्या जातात आणि घरमालक दोहोंच्या मध्ये सापडतो. वसाहतकालीन राज्याने संपत्ती असलेल्यासाठी दुसरी वाट ठेवली होती, ती कर्जाची. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांनी जी तगाई रूढ केली तिच्यात दया नव्हती आणि भरपाईही नव्हती. जमीन तारण असे, आणि वसुली महसुलाच्या थकबाकीसारखी होई. आपल्याकडे ‘तगाई’ या शब्दाला जी एक कडवट चव आहे ती उगीच नाही.

पुराव्याचा प्रश्न याहूनही जुना आहे. मुंबई इलाख्यात १८३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी बसवली, तिने शेत न् शेत नोंदवले. जमिनीचा कस, क्षेत्र, आकार आणि खातेदार यांचा तपशील कागदावर आला, कारण त्यावर सारा बसत होता. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाण मोजणीतून सुटले. नकाशावर ते एक पोकळ आकृती म्हणून उरले. पुढे शहरांचे आणि मोठ्या गावांचे नगर भूमापन झाले, मिळकत पत्रिका आल्या, तरी बहुसंख्य लहान गावांतील घराला ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीतील एक ओळ आणि घरपट्टीची पावती याखेरीज कागद नव्हता. घरपट्टीची पावती कर भरणाऱ्याचे नाव सांगते. मालक कोण हे ती सांगतेच असे नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली आणि ड्रोनने गावठाणे मोजण्याचे काम देशभर हाती घेतले, तेव्हा या उणिवेची एका अर्थाने कबुलीच दिली गेली. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या शेताचा सातबारा त्याच्या पणजोबाच्या नावापासून सलग मिळतो, त्याच्याच घराचा उतारा मागितला की तो गांगरतो. पुराने घर नेले आणि कागदही नेले असे आपण म्हणतो. पुष्कळ घरांच्या बाबतीत कागद मुळात नव्हतेच.

आता शब्दांकडे वळू. बोलीत आणि वृत्तपत्रांत आपण सर्रास ‘नुकसानभरपाई’ म्हणतो. पूरग्रस्ताचा अर्जही ‘नुकसानभरपाई मिळणेबाबत’ याच विषयाने सुरू होतो. शासकीय कागदात मात्र शब्द असतो ‘सानुग्रह अनुदान’ किंवा ‘मदत’. अनुग्रह गुरू करतो, देव करतो, राजा करतो; तो मागता येतो, पण त्याच्यावर हक्क सांगता येत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात मदतीच्या किमान मानकांचा उल्लेख आहे. त्यात जीवितहानीबद्दल सानुग्रह साहाय्य आणि घरांच्या नुकसानीबद्दल साहाय्य असे शब्द आहेत. भरपाई हा शब्द तेथे नाही. याच राज्याला रस्त्यासाठी तुमचे घर हवे असेल तर भूसंपादनाच्या कायद्याने किमतीचा मोबदला आणि त्यावर दिलासा रक्कम द्यावी लागते, आणि ती कमी वाटली तर न्यायालयात वाढवून मागता येते. तेच घर पाण्याने गेले की मोबदल्याची भाषा संपते आणि अनुग्रहाची सुरू होते. अर्जदार एक शब्द लिहितो, उत्तरात दुसरा येतो, आणि दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत असल्याचा आभास वर्षानुवर्षे टिकतो.

अनुग्रहाचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १९९० मध्ये आपत्ती निवारण निधी उभा राहिला, त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के होता. २०१० पासून त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीने घेतली. २०१५ च्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५,१०० रुपये होते, २०२२ मध्ये ते १,२०,००० झाले. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ५,२०० रुपये होते, ते ६,५०० झाले, आणि यासाठीही नुकसान किमान १५ टक्के असले पाहिजे अशी अट. शिवाय घर अधिकृत बांधकाम असावे आणि सक्षम अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करावे, अशी एक टीप सोबत असते. पूर्ण आणि अंशतः यांच्यामधील ही दरी ध्यानात घ्यावी. तीन भिंती पडून चौथी उभी राहिलेल्या घराचे काय करायचे, हा प्रश्न तलाठ्यासमोर दर पावसाळ्यात येतो. त्याचे उत्तर त्याच्या लेखणीच्या एका शब्दावर, आणि म्हणून एक लाखाहून अधिक रुपयांच्या फरकावर, अवलंबून असते.

या निबंधाच्या विषयाकडे मी वळलो तो ग्रंथालयातून नव्हे, तर एका पेटीतून. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपूर्ण धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. माझ्या आजोबांचा नदीकाठच्या एका पेठेत दुमजली वाडा होता. तळमजला मातीत कालवला गेला, मागची बाजू खचली. माझा जन्म या घटनेनंतर काही वर्षांनी झाला, पण आमच्या घरात कालगणना पुरावरून होत असे. लग्ने, बारशी, मृत्यू सगळे ‘पुराच्या आधी’ किंवा ‘पुरानंतर’. पाणी कोठवर चढले होते त्याची खूण जिन्याच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवली जाई. त्या दिवसाच्या कथा आजी शेकड्यांनी सांगे. आजोबा मात्र त्या दिवसाविषयी क्वचितच बोलत. त्यांचा पूर त्यांच्या अर्जांत होता, हे मला त्यांच्या पश्चात ती पेटी उघडल्यावर कळले.

पेटीत एका कार्यालयाशी झालेला सहा वर्षांचा पत्रव्यवहार होता. पहिल्या अर्जात आजोबांनी घर कसे होते ते लिहिले आहे : किती खण, किती तुळया, कोणत्या लाकडाचे खांब, विहीर, देवघर, कोणी केव्हा बांधले. उत्तरात एका ओळीत मूळ खरेदीखत सादर करण्याची सूचना आहे. खरेदीखत तळमजल्यावरील कपाटात होते. दुसऱ्या अर्जात ते वाहून गेल्याचे कळवले आहे. उत्तरात ते वाहून गेल्याचा पुरावा मागितला आहे. तिसऱ्या अर्जापासून खण आणि तुळया नाहीशा होतात. देवघर जाते, विहीर जाते. भाषा आखडत जाते, ‘वाडा’ ऐवजी ‘मिळकत’ येते, ‘आम्ही’ ऐवजी ‘अर्जदार’ येतो, आणि चौथ्या वर्षापर्यंत आजोबा स्वतःच्या घराविषयी हुबेहूब त्या कार्यालयासारखे लिहू लागतात. मराठीच्या प्राध्यापकाला शैलीपरिवर्तनाचा याहून अस्सल नमुना मिळणे कठीण. तो वाचताना मला मात्र आनंद झाला नाही.

पुण्याच्या पेठांतील घरमालकाची स्थिती आणखी एका कारणाने चमत्कारिक होती. बहुतेक वाड्यांत बिऱ्हाडे होती आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली होती. वाडा पडला तेव्हा मालक आणि भाडेकरू दोघेही बेघर झाले, पण एकाच छपराविषयी दोघांचे म्हणणे वेगळे होते. भाडेकरूला निवारा हवा होता. मालकाला वाडा पुन्हा उभा करायचा होता, पण ज्या भाड्यातून तो उभा करायचा ते भाडे भिंतीच्या गिलाव्यालाही पुरणारे नव्हते. मदतीचे धोरण निवाऱ्याकडे झुकले, आणि ते योग्यही होते. पूरग्रस्तांसाठी शहराच्या तेव्हाच्या कडेला नव्या वसाहती उठल्या. सहकारी गृहरचना संस्थांना सरकारी जमिनी भाडेपट्ट्याने मिळाल्या. आजचे पुणे ज्या दिशांना पसरले त्यातील काही दिशा या पुनर्वसनाने ठरवल्या. पण त्या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे अर्धशतकाहून अधिक काळ शासनदरबारी रेंगाळला. म्हणजे जुन्या घराच्या मालकीचा कागद पाण्याने नेला आणि नव्या घराखालील जमीन मालकीची नव्हती. पूर पाहिलेल्या पिढीतील कितीतरी माणसे ‘पूरग्रस्त’ हे विशेषण मागे लावूनच गेली.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पानशेतचा पूर हा केवळ आभाळाचा कोप नव्हता. धरण माणसांनी बांधले होते. त्याच्या चौकशीसाठी प्रथम न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या दुर्दैवी अंतानंतर न्यायमूर्ती नाईक यांचे आयोग नेमले गेले. परंतु धरण का फुटले याची चौकशी एका दालनात आणि पडलेल्या घराची मदत दुसऱ्या दालनात, अशी विभागणी पहिल्यापासून राहिली. दोहोंच्या मधले दार उघडले असते तर मदतीला भरपाई म्हणावे लागले असते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरण फुटून गुजरातेतील मोरबी बुडाले, तेव्हा तर चौकशी आयोग काम पुरे होण्याआधीच गुंडाळला गेला. कोणाचा दोष हे ठरले नाही की उरतो तो अनुग्रह.

पंचनामा हा या साऱ्या व्यवहारातील मध्यवर्ती पाठ होय. ‘पंच’ हा शब्द जुन्या गावगाड्यातील न्यायव्यवस्थेतून आलेला आहे आणि त्यात एक सामूहिक साक्ष अभिप्रेत आहे : चार शहाण्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि सह्या केल्या. आजचा पंचनामाही वर्तमानकाळात लिहिला जातो. ‘समक्ष जाऊन पाहिले असता’ या शब्दांनंतर जे दिसते तेच त्याच्यासाठी अस्तित्वात असते. पूर मात्र वर्तमानकाळाला जुमानत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठी, शिरोळ आणि पलूस तालुक्यांत, पांढऱ्या मातीच्या भिंतींची जुनी घरे पुष्कळ होती. ऑगस्ट २०१९ मध्ये अशी घरे कित्येक दिवस पाण्यात उभी राहिली. पाणी उतरले तेव्हा भिंती ओल्या पण उभ्या होत्या. ऊन पडले, माती सुकू लागली, भेगा गेल्या, आणि पंचनामा करणारे गेल्यावर भिंती बसल्या. भिंत पुराने पडली की नंतर ‘आपोआप’ पडली, हा वाद मग सुरू होतो, आणि त्यात बांधकामाचे शास्त्र मालकाच्या बाजूने असले तरी तारीख त्याच्या बाजूने नसते.

चिखलाचेही तसेच. घरात गुडघाभर गाळ असतो, त्यात धान्य कुजते, जनावरे मरून पडलेली असतात. घर धुऊन काढले तर पुरावा जातो; न काढले तर मुले आजारी पडतात. गाळ काढायचा की पंचांची वाट पाहायची, हा निर्णय बहुधा घरातील बाई घेते आणि ती गाळ काढते. तिच्या या शहाणपणाची किंमत मग पंचनाम्यात ‘घर सुस्थितीत आढळले’ या शब्दांनी चुकवावी लागते. त्याच वर्षीच्या शासननिर्णयात मोफत धान्यासाठी दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट होती आणि तिच्यावर कडाडून टीका झाली. ती टीका रास्त होती. पण या अटीमागील विचारही समजून घेतला पाहिजे. राज्याला दुःख मोजता येत नाही, म्हणून ते तास मोजते. पुढे कुटुंबाला ग्रामीण भागात १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये जाहीर झाले, त्यातील ५,००० रोख आणि बाकी बँक खात्यात. ज्या घराचे पासबुक गाळात होते त्याला खात्यातील पैसे मिळवण्यासाठी आणखी एक अर्ज करावा लागला, हे सांगायला नकोच.

मोजमाप सूक्ष्म केले म्हणजे अन्याय कमी होतो, असा एक समज असतो. २०१८ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर केरळने हा प्रयोग प्रामाणिकपणे केला. तेथे पूर्ण आणि अंशतः या दोनच पायऱ्या न ठेवता नुकसानीचे टक्के ठरवले गेले : १५ टक्क्यांपर्यंत १०,००० रुपये, १६ ते २९ पर्यंत ६०,०००, ३० ते ५९ पर्यंत सव्वा लाख, ६० ते ७४ पर्यंत अडीच लाख, आणि त्यावर चार लाख. केंद्रीय निकषांहून ही रक्कम पुष्कळच उदार होती आणि मोबाइल ॲप घेऊन स्वयंसेवक घरोघर फिरले. तरीही अपिलांचा पूर आला आणि प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. कारण उघड आहे. २९ आणि ३० यांच्यामध्ये आता पासष्ट हजार रुपये उभे होते. ज्याच्या घराला २८ टक्के मिळाले त्याला शेजाऱ्याच्या ३१ टक्क्यांचे गूढ उकलेना. मोजपट्टीवर जितक्या जास्त रेघा, तितक्या जास्त घरांचे नशीब रेघेच्या काठावर. मला स्वतःला केरळची पद्धत आपल्या पद्धतीपेक्षा श्रेयस्कर वाटते, कारण तिथे निदान भांडायला एक आकडा होता. पण तिने वैताग संपवला नाही, त्याचे रूप बदलले.

हे सारे गरीब देशाचे किंवा वसाहतीच्या वारशाचे दुखणे आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर महिनाभराने, २९ ऑगस्टला, कॅटरिना वादळात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तेथे मदतीला अनुग्रह म्हणण्याची चाल नाही. लुईझियाना राज्याने २००६ मध्ये घरमालकांसाठी जी योजना आणली तिचे नाव ‘रोड होम’, म्हणजे घराची वाट. सुमारे १,३०,००० घरमालकांना तिच्यातून मिळून जवळपास नऊ अब्ज डॉलर दिले गेले, आणि एका घराला कमाल १,५०,००० डॉलर मिळू शकत होते. आपल्या ९५,१०० रुपयांशी याची तुलना करणे हास्यास्पद ठरेल.

पण सूत्र पाहा. पुरापूर्वीची घराची बाजारातील किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल ती धरायची, त्यातून विमा आणि इतर मदत वजा करायची. समजा, दोन घरे सारखीच आहेत आणि दोहोंच्या दुरुस्तीला दीड लाख डॉलर लागणार आहेत. एक गोऱ्यांच्या वस्तीत, किंमत एक लाख साठ हजार. दुसरे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, किंमत साठ हजार. पहिल्याला दीड लाख मिळतात, दुसऱ्याला साठ हजार. विटा, लाकूड आणि सुताराची मजुरी दोघांना एकाच दराने पडते. वस्तीची किंमत कमी का, याचे उत्तर अमेरिकेच्या वंशभेदाच्या इतिहासात आहे. सूत्र मात्र त्या इतिहासाविषयी एक अक्षरही बोलत नाही, ते फक्त त्याला गुणाकारात घेते. २००८ मध्ये या सूत्राविरुद्ध दावा दाखल झाला आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. तोवर कित्येकांनी अर्धवट दुरुस्त केलेली घरे सोडून दिली होती.

कागदाचा प्रश्नही तेथे आपल्यासारखाच निघाला. जुन्या कृष्णवर्णीय कुटुंबांत घर आजोबांकडून मुलांकडे, मुलांकडून नातवंडांकडे मृत्युपत्राविना आलेले असे, नोंदणीतील नाव दोन पिढ्यांपूर्वीचे. आपल्या गावातील सामायिक घरासारखीच ही स्थिती : राहणारा एक, वारस सतरा, त्यातील चार परगावी आणि दोघांशी बोलणे बंद. मदतीच्या आधी वारसांच्या सह्या गोळा करण्यात वर्षे गेली. दोषाची दालनेही वेगळीच राहिली. बांध संघराज्य सरकारच्या यंत्रणेने बांधलेले होते, पण १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने पुराच्या पाण्याच्या नुकसानीबाबत त्या सरकारला जबाबदारीतून मुक्त केलेले होते, आणि २००८ मध्ये न्यायालयाने फुटलेल्या कालव्यांच्या बांधांबाबत हेच संरक्षण मान्य केले. पानशेत, मोरबी आणि न्यू ऑर्लिन्स या तीन ठिकाणांचे कायदे, भाषा आणि श्रीमंती भिन्न. दाराची कडी मात्र एकाच बाजूने.

या योजनेचा शेवटचा अंक बोधप्रद म्हणावा की विषण्ण करणारा, हे ठरवणे कठीण. घर जमिनीपासून उंच उचलून घेण्यासाठी वेगळे ३०,००० डॉलरपर्यंत दिले गेले होते. दुरुस्तीची रक्कम अपुरी पडलेल्या अनेकांनी ते छतावर आणि भिंतींवर खर्च केले. काहींना तसे करायला हरकत नाही असे तोंडी सांगण्यातही आले होते, असे त्यांचे म्हणणे. पुढे अनेक वर्षांनी राज्याने अशा हजारो घरमालकांवर पैसे परत मिळवण्यासाठी दावे लावले. ज्याने मदत मागितली होती तो आता प्रतिवादी झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत हे दावे सोडून देण्याचे जाहीर झाले, तेव्हा वादळाला सतरा वर्षे उलटली होती. तोंडी परवानगी आणि लेखी नियम यांच्यातील हे अंतर आपल्याकडच्या वाचकाला नवे वाटणार नाही. ‘करा तुम्ही, बघू नंतर’ हे वाक्य कोणत्याही भाषेत अर्जदाराला सर्वांत महाग पडते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे कागद ठेवण्यामागे माझा एक आग्रह आहे. आपण आपत्तीच्या साहित्यात साक्ष शोधतो, आणि साक्ष म्हटले की आपल्याला आत्मकथन, कविता, कादंबरी आठवते. परंतु लक्षावधी माणसांनी आपल्या पुराविषयी जे एकमेव लेखन केले ते अर्जाच्या स्वरूपात आहे. ते छापील नमुन्यात कोंबलेले आहे, त्यात ‘विनंती विशेष’ आहे, ‘आपला विश्वासू’ आहे, समासात सुटलेले एखादे अनावश्यक वाक्य आहे. ते अनावश्यक वाक्यच पुष्कळदा महत्त्वाचे असते, कारण तेवढेच नमुन्याने मागितलेले नसते. आजोबांच्या पाचव्या अर्जात, मिळकतीच्या चतुःसीमा दिल्यावर, असे एक वाक्य आहे की मागील दारी पारिजातक होता आणि तो अद्याप उभा आहे. त्या वाक्याखाली कोणीतरी लाल पेन्सिलीने रेघ ओढून प्रश्नचिन्ह काढले आहे. अर्जाची ही प्रत त्रुटीपूर्तीसाठी परत आलेली दिसते.

फायलीतील शेवटचे पत्र १९६७ चे आहे आणि त्यात प्रकरण विचाराधीन असल्याचे कळवले आहे. त्याच्या पाठीमागे आजीच्या अक्षरात त्या महिन्याचा दुधाचा हिशेब आहे.